डोलकाठीच्या आतून व्हीएचएफची केबल न्यायची आहे, खडखडाट होऊ नये म्हणून काय करता?

अपोलो_बंदर
मंडळी, आमची २८ फुटी शिडाची बोट पावसाळ्यासाठी यार्डात काढून ठेवलीय आणि मास्ट (डोलकाठी) उतरवून घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर, आडवा केलाय. गणपती झाले की बोट परत पाण्यात जाणार, तोवर व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) अँटेना आणि केबल दोन्ही नवीन टाकून घ्यायचंय. बोट सेकंडहँड आहे, आधीच्या मालकाने केबल मास्टच्या आत नुसती सोडून दिलीय, कशालाही बांधलेली नाही. मूरिंगवर (पाण्यात बांधून ठेवलेली) असताना एलिफंटाच्या लाँचेस बाजूने गेल्या की बोट हलते आणि केबल आतून अॅल्युमिनियमवर आपटायला लागते, केबिनमध्ये झोपणं अशक्य. त्यात रेडिओही धड नाही. आम्हाला जहाजांचं बोलणं अर्धवट ऐकू येतं, आणि प्राँग्सचा दीपस्तंभ मागे टाकला की आमचं कोणालाच जात नाही.

मास्ट ११ मीटर, डेकवर उभा राहणारा. आतून दोन हॅलयार्ड (शीड चढवायचे दोर) आणि टॉपिंग लिफ्ट (शिडाखालची आडवी काठी उचलून धरणारा दोर) जाते, शिवाय अँकर लाइटची वायर. वरपासून रेडिओपर्यंत साधारण २० मीटर केबल लागेल. कुठली केबल घेऊ, आत कशी बांधू, आणि मुळात अँटेना वर टोकालाच हवा का, मागच्या रेलिंगवर लावला तर हा सगळाच व्याप वाचेल असं एक मित्र म्हणतोय. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

बोरिवली_फास्ट
बोटीतलं मला शष्प कळत नाही पण असे धागे आवडतात म्हणून बसलोय. एक विचारू का? किनारा दिसतोय, खिशात मोबाईल आहे, मग रेडिओसाठी एवढा आटापिटा का?

ईटीओ_ताई
@बोरिवली_फास्ट, चांगला प्रश्न आहे आणि बोटवाले पण विचारतात. मोबाईलवर एका वेळी एकच माणूस ऐकतो, तोही त्याने उचलला तर. व्हीएचएफवर १६ नंबरच्या चॅनलला हाक मारली की रेंजमधली प्रत्येक टग, लाँच, मालवाहू जहाज आणि कोस्ट गार्ड एकाच वेळी ऐकतात, आणि बुडणाऱ्याला वाचवायला बहुतेक वेळा सगळ्यात जवळची बोटच येते. तिचा मोबाईल नंबर तुमच्याकडे कुठून असणार? शिवाय टॉवर जमिनीकडे तोंड करून लावलेले असतात, थोडं बाहेर गेलं की सिग्नलचा भरवसा नाही. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर फोनमध्ये असूच दे, पण तो रेडिओच्या जागी नाही, रेडिओच्या जोडीला.

मी जहाजावर इलेक्ट्रिकलमध्ये असते, सध्या सुट्टीवर घरी. अपोलो, तुझ्या प्रश्नावर रात्री सावकाश लिहिते.

हॅमवाला_दादर
आधी रेलिंगचा विषय संपवू. व्हीएचएफ जवळजवळ सरळ रेषेत जातं, पृथ्वीची गोलाई आडवी आली की संपलं. अंदाज काढायला सोपं सूत्र आहे, अँटेनाची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. रेलिंगवर अडीच मीटर उंची धरली तर साडेसहा किलोमीटर. मास्टच्या टोकाला १२ मीटर धरली तर १४ किलोमीटर. हे फक्त आपल्या बाजूचं, समोरच्याच्या उंचीचं अंतर यात मिळवायचं. म्हणजे दोन शिडाच्या बोटी एकमेकींशी २८ किलोमीटरवरून बोलू शकतात, आणि दोघांकडे हातातले सेट असतील तर दहाच्या आसपास खेळ खलास. उंची फुकट मिळतेय तर ती सोडायची नाही.

आता केबल. सेटमधून २५ वॅट निघतात, अँटेनापर्यंत किती पोचतात ते केबल ठरवते. १५६ मेगाहर्ट्झला आरजी-५८ ही बारीक केबल शंभर मीटरमागे साधारण २० डीबी (सिग्नलची घट मोजायचं माप) खाते. तुझ्या २० मीटरला ४ डीबी, म्हणजे वर पोचले फक्त १० वॅट, बाकीचे १५ केबल गरम करण्यात गेले. आरजी-८एक्स घेतलीस तर ३ डीबी, म्हणजे बरोबर अर्धे, साडेबारा. आरजी-२१३ घेतलीस तर १.७ डीबी, वर १७ वॅट. आणि हे फक्त पाठवताना नाही, येणारा सिग्नलही तेवढाच कमी होतो. माझं मत विचारशील तर डोळे मिटून २१३.

शीड_आणि_वारा
दादर, आकडे बरोबर पण वजनाचं काय? २१३ मीटरला दीडशे ग्रॅमच्या वर भरते, ११ मीटरचे पावणेदोन किलो. आरजी-५८ चं अर्धा किलोही होत नाही. हे वजन डेकवर असतं तर मी एक शब्द बोललो नसतो, पण मास्टमध्ये जितकं वर तितकं ते बोटीला कलंडवतं. आम्ही रेसवाले वरचा एकेक शॅकल (दोर अडकवायची कडी) मोजून घेतो. ६ मिलिमीटरची एलएमआर-२४० बघ, २० मीटरला २ डीबी, म्हणजे १६ वॅट वर पोचतात आणि वजन २१३ च्या एक तृतीयांश.

हॅमवाला_दादर
तो रेस करणार आहे की मांडव्याला जाऊन नांगर टाकून भाकरी-सुकट खाणार आहे ते आधी त्याला विचारा.

अपोलो_बंदर
रेस नाही हो. मांडवा, रेवस, कधी खांदेरीला वळसा, आणि पुढेमागे जयगडपर्यंत जायचं मनात आहे. भाकरी-सुकट चालेल.

रिगिंग_नाना
केबल कुठली हा नंतरचा प्रश्न. आधी टॉर्च घे, मास्टच्या बुडातून आत मार आणि दुसऱ्या माणसाला वरच्या टोकाला उभा कर. बऱ्याच मास्टमध्ये आत भिंतीलाच वायरसाठी नळी किंवा खाच ओढून काढलेली असते, मास्टबरोबरच आलेली. लोक ती न बघता वायर मोकळ्यात सोडतात. ती असेल तर अर्धं काम झालेलं आहे. बघ आणि इथे सांग, मग पुढचं बोलू.

ईटीओ_ताई
सांगितलं होतं तसं लिहिते. दादर आणि शीड डीबी आणि ग्रॅमवरून भांडतायत ते ठीक आहे, पण मी जेवढे मेलेले अँटेना बघितलेत त्यातले बहुतेक केबलच्या जातीमुळे मेले नव्हते, पाण्यामुळे मेले होते. आपल्याकडची हवा म्हणजे मीठ आणि दमटपणा. वरच्या कनेक्टरमधून पाणी शिरलं की ते तिथेच थांबत नाही, सालीखालच्या विणलेल्या जाळीच्या तारांमधून खाली झिरपत जातं. वरची काळी साल कापून बघा, आतलं तांबं लालऐवजी काळं दिसलं तर समजा केबल गेली. एक-दोन फूट कापून उपयोग नसतो, काळेपणा पार आतपर्यंत गेलेला असतो.

म्हणून पहिली गोष्ट, कलई केलेल्या तांब्याची केबल घ्या. साधं तांबं स्वस्त पडतं पण समुद्रावर ते टिकत नाही. दुसरी, पीएल-२५९ कनेक्टर मुळात वॉटरप्रूफ नसतोच, त्याला आपण करायचं. अँटेनाला घट्ट बसवला की वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ती ताणून दुप्पट लांब करत गुंडाळायची, खालून वर, म्हणजे पाणी थरांवरून ओघळून जातं, थरांत शिरत नाही. तिच्यावर काळी पीव्हीसी टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. तिसरी, सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं अजिबात नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मिळतं ते घ्या.

शीड, एलएमआर-२४० बद्दल एक शंका. तिच्यात मधली तार एकसंध असते आणि जाळीखाली अॅल्युमिनियमचा पत्रा असतो. सतत हलणाऱ्या जागी एकसंध तार थकून तुटते, आणि खारं पाणी शिरलं की तो पत्रा आधी जातो. घट्ट बांधलेली असेल तर चालेल, पण बोटीवर मला बारीक तारांची पिळलेलीच बरी वाटते.

शीड_आणि_वारा
ताई, मान्य. आमच्याकडे ती घट्ट बांधलेली आहे आणि दर पावसाळ्यात मास्ट खाली येतो तेव्हा तपासतो, म्हणून त्रास झाला नसेल.

सातपाटी_टू_ससून
आमच्या घरच्या मच्छीच्या बोटीवर मास्टच्या आतबितर काही नाही. केबिनच्या टपावर लोखंडी पाईप उभा, त्याला अँटेना, केबल बाहेरून खाली, दिसेल तिथे नायलॉनच्या दोरीने बांधली. बिघडली तर समोर दिसते, पाच मिनिटांत दुरुस्त. आत घालून लपवायची आणि मग शोधत बसायचं हे मला पटत नाही. बाहेरून मास्टच्या पाठीमागे बांध ना सरळ.

रिगिंग_नाना
दादूस, तुमच्या पाईपवर शीड चढत नाही. इथे मास्टच्या मागच्या खाचेतून मेनसेल (मोठं शीड) वरखाली होतं, पुढून जिब (पुढचं शीड) घासतं. बाहेरची केबल एका सीझनमध्ये सोलून निघेल, आणि उन्हाने साल तडकेल ती वेगळीच. तुमच्या बोटीला तुमचं बरोबर आहे.

बोरिवली_फास्ट
अवांतर: मच्छीमार बोटींना सरकारने सॅटेलाइटचं यंत्र दिलंय ना? मग रेडिओ लागतो अजून?

सातपाटी_टू_ससून
हो, ट्रान्सपाँडर. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधान आले होते तेव्हा त्याचा कार्यक्रम झाला. उपग्रहावरून मेसेज दोन्ही बाजूने जातो, मोबाईलला जोडून वाचता येतो, लांब गेलं तरी चालतं. पण जाळी टाकलेली असताना समोरून जहाज अंगावर येतंय तेव्हा मेसेज टाइप करत बसणार का? तेव्हा वायरलेसच उचलतात. तांडेल लोकांची सगळी बोली पण त्याच्यावरच चालते, मासळी कुठे लागली ते मात्र कोणी खरं सांगत नाही.

जाईची_वेल
ठक-ठक आवाजाबद्दल लिहायला आले. आम्ही रात्री मांडव्याला मुक्काम करतो आणि तो आवाज म्हणजे डोक्यात खिळा ठोकल्यासारखा. नवऱ्याने मागच्या पावसाळ्यात केबल टाय लावून बंद केला. दर दोन फुटांवर एकाच जागी तीन टाय, त्यांची शेपटं कापायची नाहीत, तीन दिशांना काट्यासारखी उभी ठेवायची. केबल मास्टच्या मधोमध तरंगत राहते, भिंतीला लागतच नाही. काळे टाय घ्या, जरा जाड आणि लांब. त्यानंतर आवाज शून्य. खर्च म्हणाल तर टायचं एक पाकीट.

रिगिंग_नाना
टायने आवाज जातो हे खरं. पण जाईताई, ती केबल बदलायची वेळ येईल तेव्हा ती शेपटं उलटी फिरतात आणि केबल निघता निघत नाही. हॅलयार्ड आतून जात असतील तर ते त्या काट्यांना घासत राहतात. माझी पद्धत म्हणजे २५ मिलिमीटरचा पीव्हीसीचा विजेचा पाईप, मास्टच्या पुढच्या भिंतीला आतून चिकटवून रिव्हेट मारायचा. पाईप आत सरकवायचा, लांब बांबूने भिंतीवर दाबून धरायचा, बाहेरून भोक पाडून रिव्हेट, की पुढच्या भोकाकडे. रिव्हेट अॅल्युमिनियमचेच, इथे जोर येत नाही त्यामुळे तेवढे पुरतात. स्टीलचा रिव्हेट अॅल्युमिनियममध्ये मारला की खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, भोकाभोवती पांढरी पावडर दिसते ती तीच. आणि रिव्हेट लांबीला आखूड घ्या, आत टोक राहिलं तर ते केबलची साल फाडतं. नागदेवी स्ट्रीटला पाहिजे त्या मापाचे मिळतात, मोजून घेऊन जा.

शीड_आणि_वारा
११ मीटर पीव्हीसी पाईप मास्टच्या आत! नाना, माझं काळीज हललं.

तिसरा उपाय सांगतो. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळा फोम चढवतात ना, तो. कुठल्याही एसीवाल्याकडे मिळतो, पाणी शोषत नाही, वजन नसल्यासारखं. केबलवर दर मीटरला वीतभर तुकडा चढवून टायने आवळायचा.

ईटीओ_ताई
फोम चांगला आहे, पण हॅलयार्ड शेजारून धावत असेल तर फोम कुरतडला जातो आणि तुकडे खालच्या पुलीत जाऊन बसतात. आत दोरच नसतील तर फोम, दोर असतील तर नानांचा पाईप, आणि एखादाच दोर असेल तर जाईचे टाय, असं माझं मत.

अपोलो_बंदर
सगळ्यांचे मनापासून आभार, आज यार्डात जाऊन नानांनी सांगितलेलं केलं. पाऊस धो धो पण टॉर्च मारलाच. बातमी चांगली आणि वाईट दोन्ही.

चांगली म्हणजे पुढच्या भिंतीला आतून अखंड गोल नळी आहे, मास्टबरोबरच काढलेली. आधीच्या मालकाने ती वापरलीच नव्हती. का ते पण कळलं, खालच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलंय, दगडासारखं घट्ट. वाईट म्हणजे नळी आतून १२ मिलिमीटरचीच आहे आणि तिच्यातूनच अँकर लाइटची वायर पण न्यायची म्हटली तर १० मिलिमीटरची २१३ जाणं शक्य नाही.

आणखी एक. जुनी केबल बाहेर ओढली तर तिच्यावर ७५ ओहम छापलंय. ती डिश टीव्हीची केबल आहे!

हॅमवाला_दादर
मग तुझी अर्धी व्यथा इथेच होती. सेट आणि अँटेना दोन्ही ५० ओहमचे, मध्ये ७५ ची केबल घातली की थोडी पॉवर परत फिरते. पण त्याहून वाईट म्हणजे टीव्हीच्या केबलची जाळी बहुतेक अॅल्युमिनियमची, तिला सोल्डर धरतच नाही, तिथे कनेक्टर नुसता अडकवलेला असणार. प्राँग्सपर्यंत गेलं हेच खूप झालं.

आता १२ मिलिमीटरच्या नळीसाठी माझं आधीचं मत मागे ठेवतो, तिथे आरजी-८एक्सच. ६ मिलिमीटरची, मधली तार पिळलेली म्हणून ताईंची अट पण पाळली जाते, शेजारून लाइटची दोन कोअरची बारीक वायर जाईल. पण २० च्या २० मीटर ८एक्स कशाला? मास्ट डेकवर उभा आहे आणि दर पावसाळ्यात उतरतो, म्हणजे मास्टच्या पायाशी जोड ठेवावाच लागणार. तर मास्टमध्ये आणि लूप धरून १३ मीटर ८एक्स, आणि डेकखालून रेडिओपर्यंत ७ मीटर २१३, तिथे वजनाची कोणाला पडलेली नाही. हिशोब: २ अधिक ०.६, एकूण २.६ डीबी. वर पोचणार पावणेचौदा वॅट. आधीच्या सगळ्या आकड्यांपेक्षा तुझ्या मास्टला हाच आकडा खरा. आणि उंचीने मिळालेले १४ किलोमीटर थोडे वॅट कमी झाले म्हणून कमी होत नाहीत.

शीड_आणि_वारा
वजन पण वाचलं. या मास्टला वंदन.

रिगिंग_नाना
कुंभारमाशीचं घर लोखंडी सळी ठोकून काढू नका, नळीला भोक पडेल. पाणी सोडून रात्रभर भिजत ठेवा, माती आहे, विरघळेल. मग इलेक्ट्रिशियन लोक भिंतीतल्या पाईपमधून घालतात ती नायलॉनची लवचीक पट्टी खालून घालून वरपर्यंत न्या. वर निघाली की तिला बारीक दोरी बांधून खाली ओढा. केबल आधी ओढायची नाही, आधी दोरी. दोरीला केबल बांधताना गाठ मारू नका, गाठ अडकते. केबलचं टोक तासून निमुळतं करा, दोरी तिच्यावर वीतभर गुंडाळा आणि वरून टेप, उंदराच्या शेपटीसारखं. अँकर लाइटची वायर पण त्याच वेळी, दोन्ही एकदम. एक आत असताना दुसरी नंतर घालायला गेलात तर अडकणार. थोडी साबणाची पावडर किंवा टाल्कम चालेल, ग्रीस नको.

आणि एक जादा दोरी आतच ठेवून द्या, पुढच्या वेळेला आशीर्वाद द्याल.

ईटीओ_ताई
नानांच्या पद्धतीला एक पुरवणी. वरचा कनेक्टर केबल आत जायच्या आधी टेबलावर बसून सोल्डर करून घे, केबल वरून खाली ओढ. खालचं टोक उघडं असतं म्हणून नळीतून जातं. वर बोसन चेअरमध्ये (मास्टवर चढायच्या झुलत्या खुर्चीत) लटकून सोल्डरिंग करणं म्हणजे वारा, घाम आणि थंड जोड. २५ वॅटची साधी सोल्डरिंग गन पुरत नाही, कनेक्टरचं धड सगळी उष्णता शोषून घेतं, शंभर वॅटच्या आसपासची हवी. झटकन तापवायचं, झटकन काढायचं, ८एक्सच्या आतला फोम वितळला की मधली तार एका बाजूला सरकते.

वर केबलचं वजन कनेक्टरवर लटकू देऊ नकोस. तोंडाशीच टायने किंवा दोरीने मास्टला बांध. मास्टमधून बाहेर येण्याच्या भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसवायची रिंग), नाहीतर अॅल्युमिनियमची कड सुरीसारखी साल कापते. खाली मास्टबाहेर आल्यावर डेकमध्ये शिरायच्या आधी एक लोंबतं वळण ठेव, पाणी तिथून टपकून जातं, ग्लँडमध्ये (केबल डेकमध्ये शिरते त्या बंदिस्त तोंडात) शिरत नाही. आणि जोड डेकच्या वर नको, खाली कोरड्यात, हात पोचेल अशा जागी.

बोरिवली_फास्ट
हे सगळं करून मास्टच मोडला तर? सगळंच वरून खाली पाण्यात?

रिगिंग_नाना
असं होतं. २१ सप्टेंबर २०१८ ला नौदलाचे अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब रेसमध्ये (एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला वळसा घालायची शर्यत) दक्षिण हिंदी महासागरात होते, वादळात त्यांच्या 'थुरिया'चा मास्ट मोडला, स्वतः पाठीला जबर मार लागून पडून होते. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मास्टबरोबर टोकावरचं सगळं जातं, ज्या घडीला रेडिओची सगळ्यात जास्त गरज असते नेमकं त्याच घडीला. म्हणून एक छोटा जादा अँटेना आणि दोन मीटर केबल, दोन्हीकडे कनेक्टर लावून, लॉकरमध्ये ठेवायची. मास्ट गेला तर सेटच्या मागे लावायची आणि रेलिंगला बांधायचं. शिवाय हातातला एक सेट, चार्ज केलेला.

ईटीओ_ताई
नानांशी शंभर टक्के सहमत. आणि मे महिन्यातल्या वळवाच्या ढगांत विजा चमकायला लागल्या की मूरिंगवर असताना सेटच्या मागची केबल काढून ठेवा.

सातपाटी_टू_ससून
कावळे आणि घारींचं काय करणार? ससूनला उभ्या काठीचं टोक दिसलं की घार बसलीच. आमचे दोन अँटेना तिनेच वाकवलेत.

शीड_आणि_वारा
मास्टच्या टोकाचा अँटेना स्टीलच्या लवचीक काडीचा घे, मीटरभर लांब, ३ डीबीचा (अँटेनाचा डीबी म्हणजे तो सिग्नल किती एकवटतो ते). घार बसली तर वाकून सरळ होतो. ६ डीबीचा लांब फायबरचा घेऊ नकोस, तो सिग्नल चपटा करून आडवा फेकतो, शिडाची बोट वाऱ्यात कलली की तो अर्धा आकाशात आणि अर्धा पाण्यात जातो.

अपोलो_बंदर
काम झालं! माती भिजवून काढली, पट्टी घातली, दोरी ओढली, मग ८एक्स आणि लाइटची वायर एकदम. लॅमिंग्टन रोडला कलईच्या जाळीची केबल मिळाली, दुकानदाराने माझ्यासमोर साल कापून दाखवली. मास्ट हातांनी हलवून बघितला, हॅलयार्डचा आवाज येतो पण केबलचा अजिबात नाही.

आता प्रश्न. मास्ट आडवा असताना दोन्ही टोकं जोडून मल्टिमीटर लावला तर मधली तार आणि जाळी एकमेकांना शॉर्ट दाखवतायत. काही चुकलं का?

हॅमवाला_दादर
अँटेना जोडलेला असताना? मग घाबरू नकोस, बऱ्याच मरीन अँटेनाच्या आत कॉइल असते, डीसीला ते शॉर्टच दिसतात. अँटेना काढून केबल एकटी मोज. तेव्हा शॉर्ट दाखवला तर मात्र कनेक्टर परत उघडायचा.

एसडब्ल्यूआर (किती पॉवर परत फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) आडव्या मास्टवर मोजू नकोस, जमीन आणि घोडे आकडा बिघडवतात. आत्ता एवढंच कर, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (पॉवर गिळणारा नुसता रेझिस्टर) लाव आणि खालून मोज, १.१-१.२ च्या आत आला तर केबल आणि दोन्ही जोड ठीक. मास्ट उभा झाला की मग अँटेनासकट मोज, दीडच्या आत उत्तम, दोनपर्यंत चालेल. एक लक्षात ठेव, खराब केबल एसडब्ल्यूआर चांगला दाखवते, कारण परत फिरणारी पॉवर पण ती वाटेतच खाते. म्हणून आकडा चांगला पण कोणाला ऐकू जात नाही असं झालं तर केबलवरच संशय. माझा मीटर घेऊन येतो, रविवार सांग.

अपोलो_बंदर
अँटेना काढून मोजलं, शॉर्ट गेला. डमी लोडवर १.१ आला. दादर, रविवारीच या.

जाईची_वेल
आता झोप लागेल 🙂 अभिनंदन.

ईटीओ_ताई
छान. मास्ट उभा करायच्या आधी दोन गोष्टी. खालच्या जोडाजवळ दीड-दोन फूट केबल गुंडाळून जादा ठेव, पुढच्या पावसाळ्यात कनेक्टर काळा पडला तर कापून नवा लावता येईल, नाहीतर सगळी केबल बदलावी लागते. आणि रेडिओच्या लायसन्सचं, दूरसंचार खात्याकडचं, बोट तुझ्या नावावर झाल्यावर बदललंयस ना? डीएससीचा (बटण दाबून संकटाचा डिजिटल इशारा पाठवणारा) सेट असेल तर एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा बोटीचा ओळख नंबर, तुझ्याच बोटीचा असायला हवा. लाल बटण दाबलं की कोस्ट गार्डला त्या नंबरावरून बोट कळते, आधीच्या मालकाची माहिती निघाली तर शोध चुकीच्या माणसाच्या फोनपासून सुरू होतो.

अपोलो_बंदर
लायसन्सचा अर्ज केलाय, एमएमएसआयचं त्यातच आहे. रविवारी मास्ट उभा झाला की रेडिओ चेक कुठल्या चॅनलवर करू? १६ वर चालेल का?

ईटीओ_ताई
१६ हाक मारण्यासाठी आणि संकटासाठी, तिथे गप्पा आणि चाचण्या करून तो अडवायचा नाही. शीड किंवा सातपाटीची बोट त्या दिवशी पाण्यात असेल तर फोनवर आधी वेळ ठरवा, बोटी आपापसात बोलतात त्या चॅनलवर जा, ७२ किंवा ७७. आधी मिनिटभर नुसतं ऐका, कोणी बोलत नसेल तरच बटण दाबा. पहिल्यांदा १ वॅटवर, मग २५ वर. १ वॅटवर मांडव्याहून स्पष्ट ऐकू आलं तर वरचे सगळे जोड चांगले आहेत.

सातपाटी_टू_ससून
रविवारी आम्ही सकाळी ससूनला मासळी उतरवून परत निघतो. ७२ वर दहाच्या सुमारास ऐकतो, हाक मार.